अंगठ्याएवढी टाकी

कात्सुमाता नोरिहिको ते वाक्य बोलला तेव्हा त्याच्या तोंडात भाजलेल्या वाम माशाचा घास होता. त्यामुळे नववर्षाच्या त्या पंगतीतल्या निम्म्या लोकांना ते ऐकूच गेलं नाही. पण ज्यांना ऐकू जायला नको होतं त्या सासऱ्यांना मात्र स्वच्छ ऐकू गेलं. एरवी सासऱ्यांना दारावरची घंटाही ऐकू येत नाही.

"काय करणार म्हणालास?"

नोरिहिकोने घास गिळला. "तुमच्या अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या समारंभाला मी ती गाडी करून आणणार आहे, बाबा. म्हणजे मॉडेल. बारापट लहान."

सासऱ्यांनी हातातल्या काड्या खाली ठेवल्या. "तू?"

बस्स, एवढंच. पण सुगानुमा तेत्सुझो यांच्या त्या एका 'तू'मध्ये जावयाची नगरपालिकेच्या पाणीखात्यातली नोकरी, त्याचे मऊ हात आणि ती बॅटरी, सगळं काही आलं.

बॅटरीचं असं झालं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासऱ्यांच्या हामामात्सुच्या घरातला पाण्याचा पंप बिघडला. सासरे पंपाखाली आडवे झाले आणि जावयाला म्हणाले, "बॅटरी धर." त्या घरात हा मोठा मान होता. तेत्सुझो काम करत असताना बॅटरी धरणारा म्हणजे त्यांच्या खालोखालचा माणूस. नोरिहिकोने छाती फुगवून बॅटरी धरली. तेवढ्यात नाकावर माशी बसली. त्याने ती हाकलली, उजेड हलला आणि सासऱ्यांचा अंगठा पान्यात सापडला. "बॅटरी हातात आहे, मग लक्ष कुठे आहे?" एवढंच पंपाखालून ऐकू आलं. त्या दिवसापासून त्या घरातली बॅटरी सुमिए धरते. सुमिए म्हणजे नोरिहिकोची बायको आणि तेत्सुझोंची एकुलती एक मुलगी. काम चालू असताना नोरिहिको चहा आणून देतो.

आता ती गाडी. हामामात्सुत एकेकाळी गल्लोगल्ली मोटारसायकली तयार व्हायच्या. काल यंत्रमाग करणारा आज इंजिन करायला घ्यायचा. इसोगाई मोटर हे त्यातलंच एक पत्र्याचं शेड. त्यांनी शर्यतीसाठी म्हणून एकच गाडी केली आणि तरुण तेत्सुझो तिचे मिस्त्री झाले. ज्वालामुखीच्या पायथ्याशी, राखेच्या कच्च्या रस्त्यावर ती धावली आणि मोठमोठ्यांना मागे टाकून सातवी आली. पुढे इसोगाई बुडाली, गाडी भंगारात गेली. उरला एक काळा-पांढरा फोटो. सासरे त्या गाडीबद्दल चकार शब्द काढत नाहीत. पण रोज सकाळी पेपर उघडायच्या आधी ते त्या फोटोची काच स्वतःच्या हाताने पुसतात. नोरिहिकोने हे एकदा दाराआडून पाहिलं होतं. एवढा कडक माणूस आणि काच पुसताना बोटं अशी, की जणू झोपलेल्या बाळाचं तोंड पुसतोय. त्या दिवशी सासऱ्यांबद्दल त्याला भीतीशिवाय दुसरं काहीतरी पहिल्यांदाच वाटलं. ती गाडी एकदा तरी या माणसाच्या हातात ठेवायची, हे तेव्हापासून त्याच्या मनात होतं. ते वामीबरोबर बाहेर पडलं, एवढंच.

पण फोटोत एक घोटाळा होता. मालक इसोगाई गाडीच्या पुढ्यात कमरेवर हात ठेवून उभे होते आणि त्यांच्या ढगळ विजारीमागे कार्ब्युरेटर, गियरचा दांडा आणि पाऊण इंजिन गडप झालं होतं. पेट्रोलच्या टाकीवर ऊन असं काही चमकत होतं की तिचा रंग कोणता ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. नोरिहिकोने धीर करून फोनवर विचारलं, "बाबा, टाकीचा रंग कोणता होता?"

"फोटो लावलाय ना भिंतीवर," सासरे म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

नोरिहिको शिझुओकाचा. प्लास्टिकची मॉडेलं याच गावात तयार होतात, त्यामुळे इथल्या माणसाला मॉडेल करता येत नाही हे चारचौघांत सांगायचीही सोय नाही. इसोगाईच्या गाडीचं मॉडेल अर्थातच कुणी काढलेलं नव्हतं. मग त्याने तिच्याच तोंडवळ्याच्या एका जुन्या, नावाजलेल्या शर्यतीच्या गाडीचा खोका आणला. कापायचं, घासायचं आणि इसोगाई करायची, असा बेत.

खोका उघडला आणि नवराबायको दोघंही त्यावर वाकली. साखळीची कडी न् कडी वेगळी होती. चाकाचे आरे केसासारखे. तिळापेक्षा लहान स्क्रू, आणि त्यांच्या डोक्यावर पेचकसाची खाचसुद्धा! नोरिहिकोने एक स्क्रू चिमट्यात धरून उजेडाकडे नेला आणि त्याचे डोळे भरून आले. माणसाने हे केलंय, त्याच्यासारख्याच दोन हातांच्या माणसाने, यावर त्याचा विश्वास बसेना.

"अहो," सुमिए हळूच म्हणाली, "आता शिंकू नका."

तो शिंकला नाही, पण "बापरे" म्हणाला, आणि तेवढ्या वाऱ्याने स्क्रू गेला तो गेलाच.

अशा कामात शेजारी लागतोच. नोरिहिकोचे शेजारी तेराओ म्हणजे चहाचे निवृत्त व्यापारी. चहा सोडून जगातल्या प्रत्येक विषयावर त्यांचं ठाम मत असतं. चहाबद्दल विचारलं तर म्हणतात, "प्रत्येकाची आवड."

"लाल," फोटोची प्रत बघताच तेराओ म्हणाले. "शर्यतीची गाडी म्हणजे लालच, कात्सुमातासान. यात विचार कसला करताय?"

"पण फोटोत पांढरी दिसतेय."

"लाल रंगावर कडक ऊन पडलं की पांढराच दिसतो. प्रयोग करून बघा."

नोरिहिकोने प्रयोग केला. छान ऊन पडलेलं बघून त्याने गॅलरीत टाकीवर लाल रंगाचा फवारा मारला. आता तसलं ऊन पडलं की गल्लीतल्या घराघरातून गाद्या कठड्यावर येतात, हे त्याला काय माहीत नव्हतं? पण कलावंताचं ध्यान लागलं की असं होतं. वारा तेराओंच्या दिशेने होता आणि तेराओवहिनींची नवी पांढरीशुभ्र गादी एका बाजूने गुलाबी झाली.

मिठाईचा खोका घेऊन नवराबायको माफी मागायला गेली. नोरिहिको दारातच कमरेत वाकला. तेराओ त्याच्यापेक्षा जास्त वाकले. "छे छे, गादी तिथे घातली ही आमचीच चूक." "नाही हो, फवारा मी मारला." "पण लाल मीच सांगितला ना!" असं वाकण्याचं युद्ध बराच वेळ चाललं. शेवटी तेराओ कंबर धरून सरळ झाले आणि गादीकडे प्रेमाने बघत म्हणाले, "रंग मात्र झकास आहे हं."

टाकीवर तो रंग भयंकर दिसत होता. नोरिहिकोने तो खरवडून काढला आणि रिकामे डबे, सुटे भाग काढून उरलेल्या प्लास्टिकच्या चौकटी, रंगाने माखलेल्या चिंध्या असं सगळं एका पिशवीत भरून कचऱ्याच्या दिवशी कोपऱ्यावर ठेवलं. संध्याकाळी बघतो तर सगळ्यांचा कचरा गेलेला आणि त्याचीच पिशवी तिथे एकटी बसलेली. वर पिवळी चिठ्ठी: नियमात बसत नाही. अख्ख्या गल्लीला दिसेल अशी. नगरपालिकेच्या माणसाच्या पिशवीला नगरपालिकेची चिठ्ठी! लाजेने त्याचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्याच कचेरीत खालच्या मजल्यावर कचरा खात्याच्या खिडकीशी गेला. तिथला पोरगेलासा कारकून रोज सकाळी त्याला जिन्यात वाकून नमस्कार करतो. आत्ताही केला आणि म्हणाला, "नंबर घ्या, साहेब."

"अरे, मी वरचा कात्सुमाता."

"हो साहेब. पण आत्ता आपण नागरिक आहात."

नागरिकाने नंबर घेतला. चौकट प्लास्टिकची असली तरी ती वेष्टन नाही, म्हणून ती जाळण्याच्या कचऱ्यात. डबा धातूचा, पण आधी पूर्ण रिकामा हवा. आणि चिंधीबद्दल वरिष्ठांना विचारावं लागेल, असं कळलं. वरिष्ठ त्या दिवशी रजेवर होते. चिंधी आजतागायत नोरिहिकोच्या घरी आहे.

पण प्रकरण इथे थांबायचं नव्हतं. नोरिहिकोची गल्ली म्हणजे वस्तीचा चौथा गट, आणि गटप्रमुख कानबाराबाई. त्यांनी ती पिवळी चिठ्ठी पाहिली होती. चारच दिवसांत सूचनांची फळी फिरू लागली. फळी घरी आली की सूचना वाचायची, शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी द्यायची. ती अडवून ठेवणं म्हणजे बेअब्रू, आणि ती कधीही उलटी जात नाही. या खेपेची सूचना होती: "काही घरांतून लहान धातूच्या वस्तू आणि प्लास्टिक एकत्र टाकलं जात आहे. नाव घेत नाही." नाव घेत नाही! गटातल्या बाकी आठ घरांना त्यावरूनच नाव कळलं.

नोरिहिकोने ती सूचना वाचली, संतापाने फळी टेबलावर आपटली आणि कामाला लागला. टाकी आता चंदेरी केली होती. फोटोतली चमक म्हणजे दुसरं काय असणार? रंग ओला असताना त्यावर बोट टेकलं आणि ठसा उमटला, तो वेगळा. मग इसोगाई या नावाची दोन जपानी अक्षरं काढायला घेतली. पहिलं कसंबसं जमलं. दुसऱ्याच्या ऐन मध्यावर हात हलला आणि अक्षराला शेपूट फुटलं. आता अश्रू गाळावेत की टाकी फेकावी, हे न कळून त्याने टाकी चिकटपट्टीवर उभी केली आणि ती पट्टी समोर दिसेल त्या सपाट वस्तूवर चिकटवून तो कचेरीत निघून गेला. सपाट वस्तू म्हणजे फळी, हे सांगायला नकोच.

संध्याकाळी तो घरी आला तर टेबल मोकळं.

"सुमिए, इथली फळी?"

"दिली पुढे. आपल्याबद्दलची सूचना आणि आपल्याच घरी मुक्काम! मला तर घास गोड लागेना. शिक्का मारला, पिशवीत घातली आणि तेराओंच्या दाराला अडकवून आले."

"पिशवीत बघितलंस?"

"त्या सूचनेकडे? डोळे मिटून घातली मी."

नोरिहिको चपला न घालताच तेराओंकडे धावला. "टाकी? हो, होती की," तेराओ म्हणाले. "मला वाटलं, लहान धातूची वस्तू म्हणजे कशी, त्याचा नमुना लावलाय. मी लोहचुंबक लावून पाहिलं. धातू नाही ती. तशी चिठ्ठी जोडून पुढे दिली."

"पण तुम्हाला माहीत होतं ना माझी टाकी—"

"तुमची तर लाल होती!"

आता काय करणार? पुढच्या घरी जाऊन फळी मागायची म्हणजे 'तुम्ही फळी दाबून ठेवलीत' असं तोंडावर म्हणण्यासारखं. पिवळ्या चिठ्ठीच्या माणसाने तर ते मुळीच करू नये. फळी सगळी घरं फिरून कानबाराबाईंकडे जाईल आणि मगच काय व्हायचं ते होईल. समारंभ येत्या रविवारी होता. टाकी नसलेली गाडी म्हणजे नुसता सापळा. नोरिहिको रोज कचेरीतून येताना गल्लीतल्या दारांकडे चोरून बघायचा. एका दारावर पिशवी दिसली, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दारावर. आपली टाकी लोकांच्या स्वयंपाकघरांतून हिंडतेय, या विचाराने त्याचं जेवण उडालं.

शनिवारी सकाळी कानबाराबाई दारात उभ्या राहिल्या. हातात भरगच्च पिशवी. "हे तुमच्याकडे यायला हवं असं सगळ्यांचं मत पडलं," एवढंच म्हणून वाकल्या आणि गेल्या.

वर बांबूचे कोवळे कोंब, लोणच्याची बरणी, नव्या चहाची पुडी. खाली चहाचा एक छोटा डबा. नोरिहिकोने झाकण उघडलं. आत कापसावर टाकी होती.

तो बोटाचा ठसा कुठेच नव्हता. कुणीतरी टाकी इतकी घासली होती, इतकी घासली होती, की तिच्यात समोरची खिडकी दिसत होती, खिडकीत आभाळ दिसत होतं आणि आभाळात तेराओंची गुलाबी गादी. शेपटीवालं अक्षर पुसून दोन्ही अक्षरं नव्याने लिहिलेली, केसाएवढ्या कुंचल्याने, एका दमात. टोपणाच्या जागी आधी नुसता उंचवटा होता, तिथे शिवणाच्या सुईचं नेढं कापून केलेली इवलीशी कडी बसली होती. पिशवीत ती फळीही होती, तिच्यावर बाकी आठही घरांचे शिक्के होते. कुणी काय केलं, त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

"कुणी केलं असेल हो?" सुमिएने विचारलं.

इतकी वर्षं या लोकांना नोरिहिको पाण्याची बिलं पाठवत होता. त्यांच्या हातांत हे आहे, हे त्याला माहीतच नव्हतं. तो त्या टाकीसमोर मांडी घालून बसला आणि नकळत कमरेत वाकला.

रविवारी हामामात्सुत सगळे नातेवाईक जमले. सासऱ्यांना रीतीप्रमाणे अठ्ठ्याऐंशीचं पिवळंधमक जाकीट आणि तसलीच टोपी घातली होती. त्यामुळे ते रागावलेल्या सूर्यफुलासारखे दिसत होते. वाम समोर आली, पण आधी गाडी, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. नोरिहिकोने खोका उघडला आणि गाडी त्यांच्यापुढे ठेवली.

सासऱ्यांनी तिला हात लावला नाही. नुसते बघत राहिले. मग भिंग मागवलं. मग पुन्हा बघत राहिले. वामीवरची वाफ विरली.

"आरे उलटे ओवलेत," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"साखळी ढिली. सायलेन्सर आमच्या गाडीचा नाहीच. आणि हा कार्ब्युरेटर कुठला?"

"तिथे मालकांची विजार होती, बाबा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. सासरे हसले नाहीत. भिंग टाकीवर आलं आणि थांबलं. मग त्यांचं बोट आलं, फोटोची काच पुसणारं तेच बोट, आणि टाकीवरून हळूच फिरलं.

"टाकी कुणी केली?"

सगळे नोरिहिकोकडे बघू लागले. नातेवाइकांच्या चेहऱ्यांवर कौतुक तयारच होतं. 'मी' एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर. लग्नापासून चोवीस वर्षं तो जे मिळवायला धडपडत होता ते त्या एका अक्षराच्या पलीकडे ताटात वाढून ठेवलं होतं. खरं काय ते फक्त सुमिएला माहीत होतं आणि ती काही बोलणार नव्हती.

"मी नाही," नोरिहिको म्हणाला. "माझी बिघडली होती. ही आमच्या गल्लीने केली, बाबा. चौथ्या गटाने." आणि त्याने फळीचं, लोहचुंबकाचं, सुईच्या नेढ्याचं सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याचं त्यालाच लाजिरवाणं वाटत होतं.

सासऱ्यांनी पिवळी टोपी काढून बाजूला ठेवली.

"आमची टाकी बादल्या करणाऱ्या ओता नावाच्या माणसाने ठोकली होती," ते म्हणाले. ते त्या गाडीबद्दल बोलतायत हे कळायला सगळ्यांना क्षणभर लागलं. "सीट चपलांचे पट्टे शिवणाऱ्याने शिवली. अक्षरं कोपऱ्यावरच्या भाजीवालीने काढली, तिचा हात चांगला होता. कुणी एक पैसा घेतला नाही. रोज संध्याकाळी येऊन विचारायचे, पळते का रे? मग फोटो काढायचा दिवस आला आणि इसोगाई पुढे जाऊन उभा राहिला." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "लोकांना वाटतं त्यानेच केली."

मग त्यांनी जावयाकडे पाहिलं. "तूही आत्ता पुढे उभा राहू शकला असतास."



तेवढ्यात कटकन आवाज झाला. सासऱ्यांनी कार्ब्युरेटर मुळापासून उपटला होता! मग सायलेन्सर. मग मागचं चाक. नातेवाईक "अहो, अहो" करू लागले. महिन्यामहिन्यांची मेहनत ताटलीत तुकडे होऊन पडत होती आणि नोरिहिको तोंड उघडं टाकून बघत होता. पण तो तुकड्यांकडे बघत नव्हता, सासऱ्यांच्या हातांकडे बघत होता. सकाळी पेला धरताना थरथरणारे ते हात चिमटा धरल्यावर अगदी स्थिर झाले होते. विजारीमागे काय होतं ते जगात आता त्या दोन हातांनाच ठाऊक होतं.

"सुमिए, बॅटरी आण."

सुमिएने बॅटरी आणली आणि सवयीने वडिलांच्या खांद्याशी वाकली.

"तू नाही," सासरे मान वर न करता म्हणाले. "तो."

नोरिहिकोने दोन्ही हातांनी बॅटरी घेतली. वाम थंड झाली, चहा थंड झाला, नातेवाईक कंटाळून जेवायला बसले. वामीच्या वासाने एक माशी आत आली, खोलीभर फिरली आणि नेमकी नोरिहिकोच्या नाकावर येऊन बसली. डोळ्यांत पाणी आलं, नाक हुळहुळलं, माशी नाकाच्या शेंड्यापर्यंत निवांत चालत गेली.

उजेड हलला नाही.